एक्स्टेन्शनमधला डेटा कुठे हरवतो? प्रोटोकॉल बफर्समधील विस्तारक्षम संदेशांविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे जीटीएफएस-रिअलटाइम फीड, म्हणजे गाड्यांची ताजी स्थिती सांगणारा डेटा-प्रवाह, आपण जावामध्ये प्रोटोकॉल बफर्स (संदेश बाइटांत बांधण्याची गूगलची पद्धत) लायब्ररीने वाचता. फेऱ्या, थांबे आणि अंदाजित वेळा व्यवस्थित मिळतात. परंतु फीडच्या दस्तऐवजात ज्यांचा उल्लेख आहे ते गाडीचा ओळखक्रमांक आणि स्थानकातला रूळ हे तपशील कुठेच दिसत नाहीत. एक्सेप्शन येत नाही आणि लॉगमध्येही काही उमटत नाही. आपली रिले सेवा हेच फीड गाळून पुढे पाठवते. तिच्याकडून पायथनमध्ये फीड वाचणाऱ्या सहकाऱ्याला ती माहिती मिळते, पण जेसन (नावे आणि मूल्ये यांचे मजकूर-स्वरूप) घेणाऱ्या दुसऱ्या संघाला मिळत नाही. शिवाय स्वतःचा संदेश-नमुना आखताना एक्स्टेन्शन (दुसऱ्याच्या संदेश-नमुन्याला बाहेरून जोडलेले फील्ड) वापरावे, ‘एनी’ (कोणताही संदेश आत ठेवता येणारे वेष्टन) वापरावे की साधा मॅप (नाव-मूल्य जोड्यांची यादी) ठेवावा, हेही आपण विचारले आहे.

या सर्व शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पाठवणाऱ्याला आपण काय भरले ते ठाऊक असते आणि अंतिम वाचणाऱ्याला काय हवे तेही ठाऊक असते. संदेश-नमुना खरोखर विस्तारक्षम आहे की नाही, हे मात्र ज्याला संदेशाचा काही भाग कळतच नाही अशा मधल्या प्रोग्रामच्या वागण्यावर ठरते. आपल्या बाबतीत तो मधला प्रोग्राम म्हणजे आपली रिले सेवा, आणि तिच्यात नेमके काय घडते आहे ते बाइटांच्या पातळीवर पाहिल्याशिवाय उलगडणार नाही.

जीटीएफएस-रिअलटाइमचा नमुना प्रोटोकॉल बफर्सच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे प्रोटो-२ मध्ये लिहिलेला आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक संदेशात दोन क्रमांक-पट्टे मोकळे सोडले आहेत: १००० ते १९९९ हा पट्टा नोंदणी करून घेणाऱ्या बाहेरच्या संस्थांसाठी आणि ९००० ते ९९९९ हा कोणत्याही संस्थेच्या खासगी वापरासाठी. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला नोंदणीतून १००१ हा क्रमांक मिळालेला आहे. तिची एक्स्टेन्शने एका स्वतंत्र प्रोटो फाइलमध्ये असून ती फीड-हेडर, ट्रिप-डिस्क्रिप्टर आणि स्टॉप-टाइम-अपडेट या तीन संदेशांना त्याच क्रमांकाने जोडली जातात. तिसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये दोन मजकूर-फील्ड आहेत: पहिले नियोजित रुळाचे, दुसरे प्रत्यक्ष रुळाचे.

समजा मॅनहॅटनमधल्या एका स्थानकासाठी नियोजित रूळ ‘२’ आहे आणि प्रत्यक्ष रूळ ‘१’ आहे. फीडमध्ये यासाठी नऊ बाइट येतात. ते दशमान संख्यांत लिहिले तर असे दिसतात: २०२ ६२ ६ १० १ ५० १८ १ ४९. पाठवल्या जाणाऱ्या बाइटांमध्ये फील्डचे नाव कधीच नसते. फक्त त्याचा क्रमांक असतो आणि पुढचा मजकूर कसा मोजायचा हे सांगणारा तीन बिटांचा प्रकार असतो. क्रमांकाला ८ ने गुणून त्यात प्रकार मिळवला की त्या फील्डची खूण तयार होते. १००१ गुणिले ८ म्हणजे ८००८. ज्या मजकुराची लांबी आधी येते त्याचा प्रकार २. म्हणून खूण ८०१०. ही संख्या सात-सात बिटांच्या तुकड्यांत लिहिली जाते, खालचा तुकडा आधी. मागून आणखी तुकडा येत असेल, तर बाइटाचा सर्वांत वरचा बिट १ केला जातो. ८०१० चे खालचे सात बिट ७४ होतात, त्यात १२८ मिळवले की २०२, आणि वरचा तुकडा ६२. हे झाले पहिले दोन बाइट. तिसरा बाइट ६ ही लांबी. त्यानंतर १० ही आतल्या पहिल्या फील्डची खूण, १ ही लांबी आणि ५० हा ‘२’ या अक्षराचा आस्की क्रमांक. मग १८ ही दुसऱ्या फील्डची खूण, पुन्हा लांबी १ आणि ४९ म्हणजे ‘१’.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की एक्स्टेन्शन आणि नेहमीचे फील्ड यांच्या बाइटांमध्ये काहीही फरक नाही. फरक आहे तो केवळ स्कीमा (संदेश-नमुन्याची व्याख्या) कोणाच्या फाइलमध्ये लिहिला आहे याचा. दुसरी अशी की ज्या प्रोग्रामला १००१ म्हणजे काय हे माहीत नाही, त्यालाही लांबी वाचून पुढचे सहा बाइट जसेच्या तसे उचलता येतात. ते बाजूला जपून ठेवायचे की टाकून द्यायचे, हा निर्णय लायब्ररीचा आणि काही अंशी आपला असतो.

आता आपल्या पहिल्या अडचणीकडे येऊ. जावामध्ये पार्स करताना, म्हणजे बाइटांतून संदेश उलगडताना, लायब्ररीला एक्स्टेन्शनची माहिती आपणहून द्यावी लागते. त्यासाठी एक्स्टेन्शन-रजिस्ट्रीची (ओळखीच्या एक्स्टेन्शनांच्या नोंदवहीची) वस्तू तयार करायची, न्यूयॉर्कच्या प्रोटो फाइलपासून निर्माण झालेल्या वर्गातील ‘रजिस्टर-ऑल-एक्स्टेन्शन्स’ ही पद्धत तिच्यावर चालवायची, आणि ‘पार्स-फ्रॉम’ला बाइटांबरोबर ती रजिस्ट्री दुसरा आर्ग्युमेंट म्हणून द्यायची. दुसरा आर्ग्युमेंट दिला नाही तर लायब्ररी रिकामी रजिस्ट्री धरून चालते. मग १००१ क्रमांकाचे बाइट अनोळखी फील्डांच्या पेटीत जातात, ‘हॅज-एक्स्टेन्शन’ असत्य सांगते आणि कोणीही तक्रार करत नाही. हे लायब्ररीच्या दृष्टीने बरोबरच आहे, कारण अनोळखी फील्ड असणे ही विस्तारक्षम नमुन्यातील सामान्य स्थिती आहे, चूक नव्हे. म्हणूनच ही अडचण सापडायला वेळ लागतो.

खात्री करून घेण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे फीडची एक प्रत फाइलमध्ये साठवून ती प्रोटो-कंपायलरच्या ‘डिकोड-रॉ’ या पर्यायातून काढणे. त्याला स्कीमा लागत नाही, तो नुसते क्रमांक आणि मूल्ये छापतो. तिथे १००१ दिसला तर डेटा येतो आहे आणि आपल्याच वाचनात बाजूला पडतो आहे. तिथेही दिसला नाही तर पाठवणाऱ्याकडे चौकशी करावी. कोड उघडण्याआधी हे करावे असा माझा आग्रह असतो.

रजिस्ट्रीविषयी आणखी दोन बारकावे. ‘रजिस्टर-ऑल’ या नावावरून वाटते तसे ते सर्व फाइलींतील सर्व एक्स्टेन्शने नोंदवत नाही, केवळ त्या एका प्रोटो फाइलमधील नोंदवते. दोन संस्थांची एक्स्टेन्शने हवी असतील तर दोन्ही वर्गांवर ती पद्धत चालवावी लागेल. शिवाय संदेशाच्या आत बाइट-प्रकारच्या फील्डमध्ये किंवा ‘एनी’मध्ये दुसरा संदेश बंद करून ठेवला असेल, तर तो उघडताना रजिस्ट्री पुन्हा द्यावी लागते, कारण बाहेरच्या पार्सरसाठी ते केवळ बाइट असतात. इतर भाषांत हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. पायथन आणि गोमध्ये निर्माण झालेले मॉड्यूल इम्पोर्ट होताच एक्स्टेन्शन नोंदले जाते. म्हणूनच आपल्या सहकाऱ्याच्या प्रोग्रामला, ज्यात ते मॉड्यूल इम्पोर्ट केलेले असणार, माहिती मिळते. मात्र ‘हे इम्पोर्ट कुठे वापरलेले दिसत नाही’ म्हणून साफसफाईत ते काढले गेले तर माहिती गुपचूप नाहीशी होते. सी-प्लस-प्लसमध्ये नोंदणी प्रोग्राम सुरू होतानाच होते, पण एक्स्टेन्शनची फाइल स्टॅटिक लायब्ररीत असेल आणि तिच्यातील एकही चिन्ह थेट वापरले नसेल, तर लिंकर (प्रोग्रामचे तुकडे जोडणारे साधन) ती फाइल गाळून टाकतो. तिथे पूर्ण लायब्ररी जोडण्याचा पर्याय लिंकरला सांगावा लागतो.

रजिस्ट्री जोडल्यानंतर एक सापळा उरतो आणि तो रुळापेक्षा दिशेच्या बाबतीत जास्त बोचतो. ट्रिप-डिस्क्रिप्टरच्या एक्स्टेन्शनमध्ये दिशा हे इनम-प्रकारचे (ठरावीक मूल्यांच्या यादीतून निवडायचे) फील्ड आहे: उत्तर १, पूर्व २, दक्षिण ३, पश्चिम ४. प्रोटो-२ मध्ये इनम फील्ड भरलेले नसेल तर वाचताना यादीतील पहिले मूल्य मिळते. म्हणजे एक्स्टेन्शन पोहोचलेच नाही, किंवा त्यात दिशा भरलेलीच नव्हती, आणि आपण ‘आहे का’ हे न विचारता थेट मूल्य घेतले, तर प्रत्येक गाडी उत्तरेकडे निघालेली दिसेल. त्याच प्रकारे, प्रोटो-२ चे इनम बंदिस्त असतात: उद्या पाठवणाऱ्याने पाचवे मूल्य जोडले, तर जुना वाचक ते अनोळखी फील्डांच्या पेटीत टाकतो आणि फील्ड रिकामे समजतो. तेव्हाही दिशा ‘उत्तर’च दिसेल. म्हणून एक्स्टेन्शनमधील कोणतेही मूल्य घेण्यापूर्वी अस्तित्व तपासणे हा नियम अपवादाशिवाय पाळावा. स्वतःचे इनम आखताना पहिले मूल्य ‘अनिर्दिष्ट’ असे ठेवावे आणि त्याला शून्य क्रमांक द्यावा.

आता रिले सेवा. आपण लिहिले आहे की ती ठरावीक मार्गांच्याच नोंदी ठेवते आणि बाकीच्या वगळते. तिच्यात रजिस्ट्री नाही, तरीही पायथनच्या बाजूला एक्स्टेन्शन पोहोचते, याचा अर्थ ती नोंदी अखंड वस्तू म्हणून पुढे सरकवते आहे. हे फार चांगले आहे आणि ते जाणीवपूर्वक तसेच ठेवावे. मूळ संदेशाचा ‘टू-बिल्डर’ने बिल्डर (बदलता येणारी प्रत) करावा, नोंदींची यादी रिकामी करावी आणि हव्या त्या मूळ नोंदी जशाच्या तशा पुन्हा जोडाव्यात, असे केल्यास प्रत्येक पातळीवरील अनोळखी फील्ड त्या-त्या वस्तूबरोबर राहतात आणि लिहिताना परत बाहेर पडतात. याउलट कोणी ‘स्वच्छ कोड’ म्हणून नवा रिकामा बिल्डर घेतला आणि त्यात मार्ग, फेरी, थांबा, वेळ अशी ओळखीची फील्ड एकेक करून भरली, तर अनोळखी सगळे त्या क्षणी गळून पडेल. त्या बदलाच्या तपासणीत कोणालाही काही वावगे दिसणार नाही, कारण ओळखीचे प्रत्येक फील्ड बरोबर असेल. माझ्या मते मधल्या सेवेत फील्ड एकेक करून उतरवण्याला बंदीच असावी. संदेशाची नक्कल करण्याचे काम लायब्ररीवर सोडावे.

जेसन घेणाऱ्या संघाचे दुखणे मात्र रजिस्ट्री लावूनही बरे होणार नाही, हे आधीच सांगतो. जावाच्या अधिकृत जेसन-रूपांतर वर्गाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की रूपांतर करताना प्रोटो-२ ची एक्स्टेन्शने आणि अनोळखी फील्ड दोन्ही वगळली जातात, जणू ती नव्हतीच. अनोळखी फील्डांचे कारण समजण्यासारखे आहे: जेसनमध्ये फील्डला नाव लागते आणि अनोळखी फील्डला नाव नसते. नुसत्या बाइटांवरून ते मजकूर आहे की उपसंदेश हेही सांगता येत नाही, कारण दोघांचा प्रकार २ च असतो. तेव्हा त्या संघासाठी दोन मार्ग उरतात. एक तर त्यांनाही बायनरी स्वरूपच द्यावे. किंवा जेसनचा स्वतःचा निश्चित नमुना ठरवावा, त्यात गाडीचा क्रमांक, नियोजित रूळ आणि प्रत्यक्ष रूळ ही नावाने फील्ड ठेवावीत आणि रजिस्ट्रीसह पार्स केलेल्या संदेशातून ती हाताने भरावीत. मी दुसरा मार्ग निवडेन, कारण जेसन घेणाऱ्यांना बहुधा मूळ नमुन्याचा फापटपसारा नकोच असतो. मात्र ते जेसन परत बायनरीत बदलून पुढे पाठवण्याचा मोह टाळावा. तो प्रवास एकेरीच आहे.

लायब्ररीची आवृत्तीही पाहून घ्यावी. प्रोटो-३ ची ३.०.० आवृत्ती २०१६ मध्ये आली तेव्हा तिने अनोळखी फील्ड जपण्याची जुनी रीत सोडून दिली होती; प्रोटो-३ मध्ये लिहिलेल्या संदेशांत ती पार्स करताना टाकून दिली जात. मधल्या सेवांचे काय होते हे अनुभवाला आल्यावर २०१७ च्या अखेरीस ३.५ आवृत्तीत ती रीत परत आणली गेली. त्याच प्रोटो-३ ने एक्स्टेन्शनही जवळजवळ काढून टाकले. ते केवळ स्वतःचे ऑप्शन व्याख्यायित करण्यापुरते उरले आणि त्याच्या जागी ‘एनी’ आला. पुढे २०२३ च्या एडिशन्समध्ये (प्रोटो-२ आणि प्रोटो-३ यांच्या जागी आलेल्या आवृत्ती-पद्धतीत) एक्स्टेन्शन पुन्हा पूर्णपणे उपलब्ध झाले. हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की इंटरनेटवर ‘एक्स्टेन्शन कालबाह्य झाले आहे’ असे ठामपणे लिहिलेले आढळते, आणि ते खरे नाही. अनोळखी फील्ड न जपणाऱ्या अंमलबजावण्या आजही आहेत. लहान मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिलेली नॅनोपीबी हे त्याचे उदाहरण. मेमरी वाचवण्यासाठी तो निर्णय योग्यच आहे, फक्त अशी लायब्ररी मधल्या सेवेत ठेवू नये.

इथपर्यंत यंत्रणा झाली. पण एक्स्टेन्शन म्हणून काय ठेवावे आणि काय ठेवू नये हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि न्यूयॉर्कच्याच फीडमध्ये त्याचे बोलके उदाहरण आहे. फीड-हेडरच्या एक्स्टेन्शनमध्ये ‘ट्रिप-रिप्लेसमेंट-पिरियड’ आहे. त्याचा अर्थ असा की या कालावधीत हे फीड वेळापत्रकाची जागा घेते. वेळापत्रकात असलेली एखादी फेरी फीडमध्ये नसेल तर ती रद्द झाली असे समजावे. आता विचार करा: ज्या वाचकाला हे एक्स्टेन्शन माहीत नाही, तो फीडमध्ये न दिसलेली फेरी वेळापत्रकाप्रमाणे येणार असे धरून प्रवाशाला दाखवेल. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला ती गाडी कधीच मिळणार नाही. म्हणजे हे एक्स्टेन्शन मूळ संदेशात केवळ भर घालत नाही, ते मूळ संदेशाचा अर्थ बदलते. रुळाचे एक्स्टेन्शनही काही प्रमाणात तसेच आहे: नियोजित आणि प्रत्यक्ष रूळ वेगळे असणे म्हणजे गाडी हाताने दुसऱ्या मार्गावर वळवली आहे, आणि अशा वेळी अंदाजित वेळांवर विसंबता येत नाही असे दस्तऐवजच सांगतो. वरच्या नऊ बाइटांत नेमके हेच होते. दक्षिणेकडे जाणाऱ्या जलद गाडीच्या रुळावरून गाडी धिम्या रुळावर आली होती.

प्रोटोकॉल बफर्समध्ये ‘हे न कळल्यास संदेश नाकारा’ असे सांगण्याची सोय नाही. न कळलेले सोडून देता येते याच गृहीतकावर तिची सारी विस्तारक्षमता उभी आहे. त्यामुळे स्वतःचा नमुना आखताना मी प्रत्येक प्रस्तावित एक्स्टेन्शनला एक प्रश्न विचारतो: ज्याने हे वाचले नाही, त्याच्याकडे अपुरी माहिती राहील की चुकीची? अपुरी राहणार असेल तर एक्स्टेन्शन ठीक आहे. चुकीची राहणार असेल, तर ती गोष्ट मूळ नमुन्यात, सर्वांना दिसेल अशा फील्डमध्ये गेली पाहिजे, किंवा संदेशाचा प्रकारच वेगळा ठेवला पाहिजे. वरील उदाहरणात रद्द झालेल्या फेऱ्या मूळ नमुन्यातील ‘रद्द’ या स्थितीने स्वतंत्रपणे पाठवल्या, तर एक्स्टेन्शन न वाचणाराही चुकत नाही.

मग एक्स्टेन्शन, एनी की मॅप? आपण सांगितल्याप्रमाणे आपला नमुना एकाच कंपनीत राहणार आहे आणि त्याची प्रोटो फाइल आपल्याच हातात आहे. तसे असेल तर यांपैकी काहीच नको. सरळ नवे ऐच्छिक फील्ड जोडावे. जुने वाचक त्याला अनोळखी समजून जपतील आणि नवे वाचक वाचतील. रजिस्ट्रीची कटकट नाही, इम्पोर्ट विसरण्याची भीती नाही. विस्तारक्षमतेसाठी खास यंत्रणा लागतेच असा समज अनेकांचा असतो, पण क्रमांकांवर चालणाऱ्या नमुन्यात ती मुळातच असते. एक्स्टेन्शनची खरी गरज तेव्हा पडते, जेव्हा मूळ नमुना एकाचा आणि भर दुसऱ्याची असते, आणि मूळ मालकाने दुसऱ्याच्या फाइलींवर अवलंबून राहू नये अशी इच्छा असते. जीटीएफएस-रिअलटाइममध्ये नेमकी हीच परिस्थिती आहे: जगभरच्या वाहतूक संस्थांच्या गरजा मूळ फाइलमध्ये कोंबता आल्या नसत्या.

एनीमध्ये दोनच गोष्टी असतात, प्रकाराचे पूर्ण नाव सांगणारा यूआरएल-सारखा मजकूर आणि संदेशाचे बाइट. आत काय येईल हे आधी सांगताच येत नाही आणि वाचणाऱ्याने प्रकार पाहून निवड करायची आहे, अशा ठिकाणी तो योग्य ठरतो. जीआरपीसीमध्ये (दूरच्या सेवेला हाक मारण्याच्या गूगलच्या पद्धतीत) बिघाडाचा तपशील देणाऱ्या ‘स्टेटस’ संदेशात एनीची यादी आहे, ती याच कारणासाठी. त्याची किंमतही लक्षात घ्यावी. प्रत्येक वेळी प्रकाराचे नाव पूर्ण लिहिले जाते, त्यामुळे आत चार-सहा बाइटांचा मजकूर असला तरी बाहेर कित्येक पट लांबीचे वेष्टन येते, आणि हजारो नोंदींच्या फीडमध्ये ते परवडत नाही. शिवाय एरवी नावे बाइटांत नसल्यामुळे संदेशाचे नाव किंवा पॅकेज बदलले तरी बायनरी सुसंगत राहते; एनीमध्ये मात्र नावच बाइटांत शिरते आणि नामांतर केले की जुने संदेश उघडेनासे होतात. जेसनमध्ये बदलतानाही तो प्रकार लायब्ररीला माहीत असावा लागतो, नाहीतर रूपांतर अपयशी होते.

मजकूर-ते-मजकूर मॅपविषयी माझे मत स्पष्ट आहे. लेबले आणि टॅग यांच्यासाठी तो चांगला आहे, पण ज्या माहितीवर कोणाचा तरी कोड निर्णय घेणार आहे ती मॅपमध्ये ठेवू नये. तिथे प्रकार नाही, नोंदणी नाही, आणि एकाने लिहिलेले ‘ट्रॅक’ दुसरा ‘ट्रॅक-आयडी’ म्हणून शोधत बसतो.

एक्स्टेन्शन वापरायचेच ठरले तर क्रमांकांची नोंद हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारे काम आहे. खासगी पट्ट्यातील ९००१ दोन संघांनी एकमेकांना न विचारता घेतला, आणि पुढे दोघांची फीडे एकाच वाचकाकडे आली, तर काय होईल ते दोघांच्या प्रकारांवर अवलंबून आहे. एकाचा पूर्णांक आणि दुसऱ्याचा उपसंदेश असेल तर खुणेतला प्रकार जुळत नाही आणि लायब्ररी ते अनोळखी म्हणून बाजूला ठेवते. हा त्यातल्या त्यात सुदैवाचा भाग. एकाचा मजकूर आणि दुसऱ्याचा उपसंदेश असेल तर दोन्हींचा प्रकार २. मग वाचक मजकुराची अक्षरे फील्डच्या खुणा समजून वाचू लागतो, आणि बहुधा त्या एका फील्डपायी संपूर्ण संदेश पार्स होण्यास नकार मिळतो. दोन्ही उपसंदेश असतील तर त्याहून वाईट, कारण काहीतरी वाचले जाते आणि ते चुकीचे असते. दोन्ही व्याख्या एकाच सी-प्लस-प्लस किंवा गो प्रोग्राममध्ये जोडल्या गेल्या तर तो सुरू होतानाच बंद पडतो, आणि तेच बरे म्हणायचे. म्हणून ज्याचा मूळ संदेश आहे त्याने कोणता क्रमांक कोणाचा याची यादी प्रोटो फाइलीतच ठेवावी. अलीकडच्या आवृत्त्यांत पट्ट्याबरोबरच प्रत्येक एक्स्टेन्शनचा क्रमांक, नाव आणि प्रकार जाहीर करता येतो आणि कंपायलर तो पडताळतो. नव्या नमुन्यात ती सोय पहिल्या दिवसापासून वापरावी. काढून टाकलेला क्रमांक ‘रिझर्व्हड’ करावा आणि पुन्हा कधीही देऊ नये, कारण त्या क्रमांकाचे जुने बाइट कुठल्या तरी साठवणीत पडलेले असतातच.

एखादे एक्स्टेन्शन सर्वांच्या उपयोगाचे ठरले आणि मूळ नमुन्यात घ्यायचे झाले, तर क्रमांक आणि प्रकार तोच ठेवल्यास ते विनासायास नेहमीचे फील्ड होऊ शकते, कारण बाइट एकच आहेत. क्रमांक बदलावा लागला तर काही काळ दोन्ही ठिकाणी लिहावे आणि वाचणाऱ्यांनी नवे आधी, जुने नंतर असे पाहावे.

एक्स्टेन्शनच्या आत ‘रिक्वायर्ड’ (भरणे सक्तीचे असलेले) फील्ड ठेवू नये, हे विशेष आग्रहाने सांगतो. त्याचा परिणाम फार चमत्कारिक होतो. ज्याने एक्स्टेन्शन नोंदवले नाही त्याच्यासाठी ते केवळ अनोळखी बाइट असतात आणि संदेश सुरळीत वाचला जातो; ज्याने काळजीपूर्वक नोंदवले त्याच्याकडे मात्र ते एक फील्ड रिकामे असल्यामुळे संपूर्ण संदेश नाकारला जातो.

अनोळखी फील्ड जपण्याला एक मर्यादाही आहे. आपली सेवा संस्थेबाहेर डेटा देणार असेल, तर आत कोणीतरी जोडलेले खासगी फील्ड आपल्याला न कळताच बाहेर जाऊ शकते. सीमेवरच्या शेवटच्या टप्प्यात अनोळखी फील्ड मुद्दाम काढून टाकावीत आणि कोणती एक्स्टेन्शने बाहेर जाऊ द्यायची याची यादी ठेवावी. त्याचप्रमाणे संदेशावर डिजिटल सही करायची असेल तर ती मिळालेल्या मूळ बाइटांवर करावी. पार्स करून पुन्हा लिहिलेल्या संदेशात अनोळखी फील्ड बहुधा शेवटी जातात, अर्थ तोच राहतो पण बाइटांचा क्रम बदलतो, आणि सही जुळत नाही.

शेवटी चाचणी. आपल्या रिले सेवेसाठी एक चाचणी तरी अशी असावी, जिच्यात न्यूयॉर्कची प्रोटो फाइल मुद्दाम जोडलेली नाही: साठवलेले फीड तिच्यातून काढावे, मग रजिस्ट्री असलेल्या वाचकाने मूळ आणि निघालेले दोन्ही वाचून प्रत्येक फेरीचे एक्स्टेन्शन ताडून पाहावे. तुलना पार्स केलेल्या संदेशांची करावी, बाइटांची नको. अंतिम वाचकाच्या बाजूला अनोळखी फील्डांची संख्या मोजून ती आलेखावर ठेवावी. ती अचानक वाढली तर पाठवणाऱ्याने काही नवे जोडले आहे आणि अचानक शून्य झाली तर मधल्या कोणीतरी ते गाळले आहे. साठवायचे फीड निवडताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. प्रत्यक्ष रूळ गाडी आधीचे स्थानक सोडेपर्यंत सहसा ठरत नाही, म्हणून ते फील्ड उर्वरित प्रवासातील पहिल्याच थांब्याला भरलेले असते. ज्या फेऱ्या अजून सुरूच झाल्या नाहीत तेवढ्याच असलेला नमुना घेतला तर प्रत्यक्ष रुळाच्या बाबतीत चाचणी नेहमी उत्तीर्ण होईल आणि काहीही तपासणार नाही. धावत्या गाड्या असलेल्या वेळेचे आणि शक्य झाल्यास गाड्या दुसऱ्या रुळावर वळवलेल्या दिवसाचे फीड साठवावे, आणि त्यात नियोजित व प्रत्यक्ष रूळ वेगळे असलेली निदान एक नोंद आहे याची खात्री चाचणीनेच सुरुवातीला करून घ्यावी.